प्लॅन मोठा, रांग तीच

व्हिडिओ कॉल अडखळला किंवा मुलाचा गेम ऐन मोक्याला थिजला, की घरोघरी एक सल्ला तयार असतो: "शंभरचा प्लॅन आहे ना? तीनशेचा घ्या." हा सल्ला देणारे तिघे असतात. केबलवाला, कंपनीचा विक्री प्रतिनिधी आणि सोसायटीतला तो एक जाणकार, ज्यानं स्वतः आधीच तीनशेचा घेतलेला असतो. तिघांच्या बोलण्यामागची समजूत एकच: इंटरनेटचा वेग म्हणजे एमबीपीएस, आणि उत्तर उशिरा येतं ते एमबीपीएस कमी पडतात म्हणून.

ही समजूत चुकीची आहे आणि दर महिन्याच्या बिलात ती आपल्याला महाग पडते. आपण पाठवलेलं पॅकेट समोरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन त्याचं उत्तर परत येईपर्यंत जो वेळ जातो, त्याला पिंग म्हणा की लेटन्सी, त्याचे मुख्य भाग दोनच. एक अंतर कापण्याचा, दुसरा वाटेत थांबण्याचा. अंतराचा भाग मार्ग बदलल्याखेरीज बदलत नाही. त्यामुळे सकाळी वीस मिलिसेकंद आणि रात्री दोनशे असा फरक दिसला, तर पॅकेट बहुधा कुठल्या तरी रांगेत उभं आहे. ती रांग कुठे आहे हे न बघता प्लॅन वाढवणाऱ्याचा उशीर कमी होईलच असं नाही. बिल मात्र नक्की वाढतं.

आधी समोरच्या पक्षाचं जे खरं आहे ते मान्य करू. एकेकाळी हा सल्ला बरोबर होता. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात ज्या जोडणीला ब्रॉडबँड म्हटलं गेलं, तिचा किमान वेग २५६ केबीपीएस होता. पंधराशे बाइटचं एक पूर्ण पॅकेट अशा लाईनवर नुसतं चढवायलाच सुमारे ४७ मिलिसेकंद लागत. वेग दुप्पट केला की हा वेळ निम्मा होई आणि माणसाला फरक जाणवे. आज तेच पॅकेट शंभर एमबीपीएसच्या लाईनवर ०.१२ मिलिसेकंदात चढतं, तीनशेच्या लाईनवर ०.०४ मध्ये. म्हणजे मोठ्या प्लॅननं एका पॅकेटमागे वाचवले ते ०.०८ मिलिसेकंद. गेम खेळणाऱ्या कुठल्याही मुलाला विचारा, एवढ्यानं त्याचं काय भलं होतं. परिस्थिती पार बदलली, सल्ला तेवढा जुना राहिला.

आता अंतराचं बघू. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर. जाऊन येऊन ३९ मिलिसेकंद लागणारच, आणि समुद्राखालची केबल सरळ रेषेत जात नाही. ती श्रीलंकेला वळसा घालून मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जाते, म्हणून प्रत्यक्षात आकडा साठच्या आसपास येतो. गेमचा सर्व्हर सिंगापूरला असेल तर हे साठ मिलिसेकंद शंभरच्या प्लॅनवालाही मोजतो आणि हजारच्या प्लॅनवालाही. द्रुतगती मार्गाला कितीही लेन जोडल्या तरी पुणे मुंबईच्या जवळ सरकत नाही. याहून ठसठशीत उदाहरण हवं असेल तर भूस्थिर उपग्रहाचं घ्या. तो विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. विनंती वर जाऊन खाली, मग उत्तर वर जाऊन खाली, एवढ्या प्रवासातच जवळजवळ अर्धा सेकंद जातो. त्या जोडणीवर शंभर एमबीपीएस मिळाले तरी अर्धा सेकंद तसाच राहतो. एमबीपीएस आणि उशीर एकच असते तर हे घडलं नसतं.

"पण वेबपानं तरी लवकर उघडतात ना?" असा प्रश्न येतो. त्याचं उत्तर गूगलमधले अभियंते माइक बेल्शी यांनी २०१० मध्येच मोजून दिलं होतं. लाईन पाचवरून दहा एमबीपीएसवर नेली तर पान उघडण्याचा वेळ जेमतेम पाच टक्क्यांनी सुधारला. जाऊन येण्याचा वेळ कमी करत नेला, तेव्हा मात्र प्रत्येक टप्प्याला सारखा फायदा होत राहिला. एक पान उघडायला ब्राउझरला अनेक फेऱ्या माराव्या लागतात. प्रत्येक फेरी अंतर आणि रांग या दोघांच्या ताब्यात असते, लाईन किती रुंद आहे यावर ती फारशी अवलंबून नसते.

आता मुख्य मुद्दा, रांगेचा. १९८६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यातली जोडणी ३२ केबीपीएसवरून सेकंदाला ४० बिटांवर घसरली. दोन ठिकाणांमधलं अंतर होतं जेमतेम चारशे यार्ड. तार तुटली नव्हती, अंतर वाढलं नव्हतं. गर्दी झाली होती आणि प्रत्येक संगणक हरवलेली पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवून गर्दीत भर घालत होता. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये यावर तोड काढली: पॅकेट हरवलं की पाठवणाऱ्यानं हात आखडता घ्यायचा, हरवत नाही तोवर वेग हळूहळू वाढवत राहायचं. इंटरनेट वाचलं. पण त्यातून एक सवयही पक्की झाली. बहुतेक संगणक आजही पॅकेट गळेपर्यंत वेग वाढवत राहतात.

पुढे मेमरी स्वस्त झाली. राउटर आणि मोडेम बनवणाऱ्यांनी विचार केला, पॅकेट गळणं वाईट, तर ती साठवायला भरपूर जागा देऊ. हीच जागा, म्हणजे बफर, अंगाशी आली. पॅकेट गळत नाही, म्हणून पाठवणाऱ्याला गर्दीचा सुगावा लागत नाही. तो वेग वाढवत राहतो आणि बफर काठोकाठ भरून राहतो. २०१० मध्ये जिम गेटिस या अभियंत्याला घरच्या केबल जोडणीवरून मोठ्या फाइल पाठवताना हेच दिसलं. एरवी चटकन येणारं उत्तर सेकंदाच्या पलीकडे गेलं होतं. गेटिस हे एक्स विंडो प्रणालीच्या निर्मात्यांपैकी एक आणि वेबच्या एचटीटीपी मानकाच्या लेखकांपैकी एक. एवढ्या जाणकार माणसाच्या घरातही दोष उघडा पडायला इतकी वर्षं लागली, कारण लाईन मोकळी असताना तो दिसतच नाही. त्यांनी या दुखण्याला बफरब्लोट हे नाव दिलं.

हिशोब आपल्या घरचा मांडून बघा. अपलोडचा वेग दहा एमबीपीएस आणि राउटरमध्ये एक मेगाबाइटचा बफर. तो भरला की मागे उभ्या राहिलेल्या पॅकेटला ०.८ सेकंद थांबावं लागतं. एका खोलीत फोन चार्जिंगला लावला, त्यानं लग्नाचे फोटो क्लाउडवर चढवायला सुरुवात केली, आणि दुसऱ्या खोलीत ऑफिसचा कॉल चालू आहे. कॉलची इवलीशी पॅकेट फोटोंच्या मागे उभी. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीनुसार बोलणं सहज वाटायला आवाज एका बाजूनं १५० मिलिसेकंदांच्या आत पोचला पाहिजे. इथे तर आठशे रांगेतच गेले. कॉल तुटला म्हणून चिडलेला माणूस कॉल बंद करून स्पीड टेस्ट लावतो, तोवर फोटो चढून झालेले असतात, टेस्ट झकास येते, आणि निष्कर्ष निघतो, "नेट चांगलं आहे, त्या ॲपमध्येच गडबड आहे."

मोठा प्लॅन ही रांग मोडणार नाही का? थोडी मोडेल. फोटो लवकर चढतील, म्हणजे त्रास कमी वेळ चालेल. पण तो चालू असेल तेवढा वेळ रांग उभीच राहील, कारण मोठी फाइल पाठवणारं यंत्र मिळेल तेवढी रुंदी भरून काढतं. शिवाय रांग नेहमी सगळ्यात अरुंद जागी लागते. लाईन तीनशेची केली आणि बेडरूममधलं वायफाय ऐंशीच देत असेल, तर रांग लाईनवरून उठून वायफायवर जाऊन बसते.

दुसऱ्या पक्षाचा आवाज याहून मोठा असतो. त्यांच्या मते सगळा दोष कंपनीचा आहे, संध्याकाळी ती मुद्दाम वेग दाबते. संशयाला जागा आहे, पण मुद्दाम दाबलेला वेग आणि तुडुंब भरलेली लाईन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेग दाबला तर डाउनलोड कमी होतं. लाईन भरली तर आधी पिंग वाढतो, मग पॅकेट गळतात. घरापर्यंत येणारी फायबर बहुधा एकट्याची नसते. जीपॉन पद्धतीत एका तारेला बत्तीस किंवा चौसष्ट घरं जोडतात आणि सगळ्यांमध्ये मिळून खाली येणारी २.५ गिगाबिटच्या आसपास, वर जाणारी सव्वा गिगाबिटच्या आसपास क्षमता असते. त्याच्याही पुढे केबलवाल्याची मोठ्या कंपनीकडून घेतलेली लाईन असते, आणि गर्दी बहुतेक वेळा तिथे होते.

"पण लाईन तर अजून पाच टक्के मोकळी आहे" हा कंपनीचा बचाव इथे कोसळतो. डेन्मार्कचे आग्नेर एर्लांग यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करताना रांगेच्या गणिताचा पाया घातला. त्या गणितातलं सगळ्यात साधं सूत्र सांगतं की लाईन निम्मी भरलेली असताना थांबण्याचा वेळ एक धरला, तर ऐंशी टक्क्यांना तो चार होतो, नव्वदला नऊ आणि पंचाण्णवला एकोणीस. इंटरनेटची रहदारी या सूत्रात धरल्यापेक्षा जास्त लहरी असते, म्हणजे खरी अवस्था याहून वाईट. रोज रात्री आठ ते अकरा पिंग फुगत असेल आणि पहाटे उतरत असेल, तर दोष कंपनीचाच आहे. पण ती तुमची लाईन दाबत नाही, स्वतःची मोठी लाईन वाढवायला टाळाटाळ करते. आणि हे नीट समजून घ्या: या दुखण्यावर तीनशेचा प्लॅन विकणं म्हणजे भरलेल्या लाईनवर आणखी भार टाकण्याची परवानगी विकणं.

तिसरा पक्ष कस्टमर केअरचा. "सर, तुमच्या वायफायचा प्रॉब्लेम आहे, राउटर बंद करून चालू करा." ऐकून राग येतो, पण अनेकदा ते खरं असतं. वायफायमध्ये एका वेळी एकानंच बोलायचं असतं. दुसरा बोलत असेल तर थांबायचं, टक्कर झाली तर पुन्हा पाठवायचं. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. मुंबई-पुण्यातल्या इमारतीत वरच्या, खालच्या आणि शेजारच्या घरांचे मिळून डझनभर राउटर त्या तिघांत कोंबलेले असतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात गोंगाट करतो. त्यात भिंतीपलीकडचा जुना फोन धिम्या गतीनं बोलत असेल, तर तो हवेतला जास्त वेळ खातो आणि घरातली सगळी नवी यंत्रंही खोळंबतात. हा दोष ओळखायला स्वतःच्या राउटरलाच पिंग करायचं. चार भिंतींच्या आतलं उत्तर कधी तीन मिलिसेकंदांत, कधी ऐंशीत येत असेल, तर कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही. तार जोडून बघा किंवा ५ गिगाहर्ट्झवर जा. पण राउटरचं उत्तर स्थिर असेल, तर कस्टमर केअरचं वाक्य ही निव्वळ पळवाट ठरते, आणि तसं त्यांना ठणकावून सांगता येतं.

उरला मार्ग बदलण्याचा प्रकार, जिथे रांग नसून अंतरच वाढतं. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाहजवळ लाल समुद्रात एसएमडब्ल्यू-४ आणि आयएमईडब्ल्यूई या केबलना इजा झाली. भारत-पाकिस्तानातल्या वापरकर्त्यांना फटका बसला. मायक्रोसॉफ्टनं आपल्या अझ्युअर ग्राहकांना मध्यपूर्वेतून जाणाऱ्या वाहतुकीला जास्त उशीर लागेल असं कळवलं. पॅकेट लांबच्या वाटेनं वळवली गेली होती. युरोपातल्या सर्व्हरवर काम करणाऱ्या पुण्यातल्या माणसानं त्या आठवड्यात प्लॅन वाढवला असता, तर कंपनीनं आनंदानं पैसे घेतले असते आणि पिंग जिथे होता तिथेच राहिला असता. असा वळसा देशातही पडतो. दोन भारतीय कंपन्यांची वाहतूक देशातच अदलाबदल व्हावी म्हणून २००३ मध्ये निक्सी स्थापन झालं. त्याआधी शेजारच्या इमारतीकडे जाणारं पॅकेटही परदेशवारी करून येई. दोन कंपन्यांनी मुंबईत हातमिळवणी केली नसेल, तर आजही लांबचा फेरा पडू शकतो.

म्हणून आकड्यापेक्षा त्याची चाल बघायला शिका. पिंग एकदम चाळीसनं वर गेला आणि तिथेच स्थिर राहिला, तर मार्ग बदलला. रोज रात्री फुगतो आणि उत्तररात्री उतरतो, तर कंपनीची लाईन भरते. घरात कुणी काही चढवताना किंवा उतरवताना चढतो आणि ते थांबताच खाली येतो, तर राउटरमधला बफर फुगलाय. वेळकाळ न बघता टोकदार उड्या मारतो, तर आधी वायफाय तपासा. या चारांपैकी एकाच प्रकारात मोठ्या प्लॅनचा थोडासा उपयोग आहे, तोही अर्धवट.

पुरावा म्हणून जे स्क्रीनशॉट फिरतात, त्यांच्यापासून मात्र सावध राहा. पॅकेटच्या वाटेतला एकेक टप्पा दाखवणाऱ्या ट्रेसराउटमध्ये मधल्याच एका टप्प्यापुढे दोनशे मिलिसेकंद दिसतात आणि लोक त्या राउटरला गुन्हेगार ठरवतात. पण त्यापुढचे टप्पे तीसच दाखवत असतील, तर तो राउटर निर्दोष आहे. पॅकेट पुढे ढकलणं हे त्याचं मुख्य काम, आपल्या चौकशीला उत्तर देणं हे सवडीचं. सरासरीही फसवी असते. शंभरपैकी नव्व्याण्णव उत्तरं दहा मिलिसेकंदांत आली आणि एक पाचशेत, तर सरासरी पंधरा. आकडा सुरेख, पण गेममधला तुमचा गडी त्या एका उत्तरात मेलेला असतो. स्पीड टेस्टचा पिंग तर बहुतेक वेळा शहरातल्याच, कधी कंपनीच्याच जाळ्यातल्या सर्व्हरपर्यंतचा असतो आणि लाईन मोकळी असताना घेतलेला असतो. अलीकडे काही टेस्ट भरलेल्या लाईनवरचा विलंबही वेगळा दाखवतात. बघायचा आकडा तो.

मग उपाय काय? मोठ्या प्लॅनच्या भाविकांना तो झोंबेल. कॅथलीन निकल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल नावाची पद्धत मांडली. रांगेत किती पॅकेट आहेत ते ती मोजत नाही, पॅकेट किती वेळ थांबलं ते मोजते. थांबण्याचा वेळ पाच मिलिसेकंदांच्या वर रेंगाळला, की एखादं पॅकेट मुद्दाम गाळून पाठवणाऱ्याला इशारा देते. तिच्या पुढच्या रूपात प्रत्येक प्रवाहाची रांग वेगळी होते, म्हणजे कॉलला फोटोंच्या मागे उभं राहावं लागत नाही. त्याच वर्षी ही पद्धत लिनक्समध्ये आली आणि ओपनडब्ल्यूआरटीसारख्या मोफत प्रणालीतून घरगुती राउटरवर चालवता येते. ती नीट चालावी म्हणून राउटरवर वेगाची मर्यादा लाईनच्या क्षमतेपेक्षा पाच-दहा टक्के खाली ठेवतात. त्यामुळे रांग कंपनीच्या यंत्रात न लागता आपल्या राउटरमध्ये, आपल्या नियमांखाली लागते. थोडक्यात, शंभरच्या लाईनचे नव्वद-पंच्याण्णवच वापरा आणि कॉल सुधारतो. वेग वाढवून जे साधत नाही, ते वेग थोडा कमी करून साधतं. एमबीपीएस म्हणजेच सर्व काही, या मताचं याहून स्वच्छ खंडन मला माहीत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. सामान्य गिऱ्हाइकानं राउटरची प्रणाली का बदलावी? बदलू नयेच. ते काम राउटर देणाऱ्या कंपनीचं आहे, आणि ती ते करत नाही, कारण विलंबाचा आकडा तिला कुणी विचारत नाही. भारतात ब्रॉडबँडची व्याख्या २००४ मध्ये २५६ केबीपीएस, २०१३ मध्ये ५१२, २०२३ मध्ये २ एमबीपीएस अशी सरकत गेली. आकडा बदलला, मोजमाप वेगाचंच राहिलं. ट्रायनं २००६ च्या नियमावलीत विलंबाला मर्यादा घातली होती: आंतरराष्ट्रीय गेटवेपर्यंत १२० मिलिसेकंद, तिथून परदेशातल्या जोडबिंदूपर्यंतच्या प्रवासासह केबलमार्गे ३५० आणि उपग्रहामार्गे ८००. पण मोजणी सुरू होई कंपनीच्या गेटवेपासून, ग्राहकाच्या खोलीपासून नव्हे. म्हणजे केबलवाल्याची भरलेली लाईन, फुगलेला राउटर आणि कोंबलेलं वायफाय, जिथे रांगा लागतात ती बहुतेक ठिकाणं मोजपट्टीच्या बाहेर. १ ऑक्टोबर २०२४ पासून नवी नियमावली आली, मर्यादा आवळल्या गेल्या. जाहिरातीच्या फलकावर मात्र अजून एमबीपीएसच झळकतात. अमेरिकेत २०२४ पासून कंपन्यांना प्रत्येक प्लॅनच्या लेबलवर वेगाबरोबर नेहमीचा विलंबही छापावा लागतो. आपल्याकडे तेवढं तरी मागायला काय हरकत आहे?

तेव्हा पुढच्या वेळी तीनशेचा प्लॅन विकायला कुणी दारात आला, की त्याला तीन प्रश्न विचारा. लाईन पूर्ण भरलेली असताना तुमच्या राउटरवर विलंब किती होतो? रात्री साडेनऊला तुमची वरची लाईन किती टक्के भरलेली असते? आणि मला ज्या सर्व्हरची गरज आहे, तिथवरची वाहतूक तुम्ही मुंबईतच देता की फिरवून नेता? उत्तर लेखी मागा. ते मिळालं आणि पटलं, तर जरूर प्लॅन घ्या. नाही मिळालं, तर आहे तोच प्लॅन ठेवा, आणि वाचलेल्या पैशातून रांगा सांभाळणारा राउटर आणा.